उलाळ गाडी : फिरत्या घराच्या एका नव्या मालकाचे अनुभव
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि इतिहासावर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली आहेत. त्यांच्या मालिकेत चाकाचे ग्रीस, गळके छप्पर आणि गॅसची नळी यांवर बोलणारा मनुष्य उभा करावा, हे धाडस चिटणीसांचे आहे, माझे नव्हे. त्यांनी मला सांगितले ते एवढेच, की मंडळातील तीन कुटुंबे मोटारीच्या मागे जोडावयाचे फिरते घर विकत घेण्याच्या विचारात आहेत आणि तिघांनीही आपापल्या परीने माझ्याकडे चौकशी केली आहे. तेव्हा एकदाच काय ते सर्वांसमक्ष सांगून टाकावे. मी होकार दिला तो एका अटीवर : जे मला लाजिरवाणे वाटते तेही मी सांगेन, आणि ते सांगताना आमच्या सौभाग्यवतींनी मला मध्येच दुरुस्त करू नये. त्या दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. बघू या.

प्रथम वस्तूची ओळख. स्वतःचे इंजिन असलेली, आत स्वयंपाकघर आणि बिछाना असलेली मोठी मोटार वेगळी, आणि माझे वाहन वेगळे. माझे वाहन म्हणजे दोन चाकांवरचे एक पेटीवजा घर. पुढे लोखंडी दांडी, दांडीच्या टोकाला वाटीसारखा जोड, आणि तो जोड मोटारीच्या मागे बसविलेल्या पोलादी गोळ्यावर बसतो. परदेशात अशा घरांची परंपरा शंभर वर्षांची आहे. आपल्याकडे ती अजून बाल्यावस्थेत आहे. महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले ते २०२१ साली. कायद्याची गंमत अशी, की १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील व्याख्येप्रमाणे इंजिन नसलेला हा ट्रेलरदेखील ‘मोटार वाहन’ ठरतो. त्याची स्वतंत्र नोंदणी लागते, विमा लागतो. ज्याच्या अंगी स्वतःची गती नाही त्यालाही कायद्याने वाहनाचा दर्जा दिला आहे. सरकारी नोकरीत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही.

मी ही गाडी निवृत्तीनंतर, २०२२ च्या पावसाळ्याअखेर, गुरुग्राममधील एका गृहस्थांकडून जुनी म्हणून घेतली. बाहेरून ती नव्यासारखी लखलखीत होती. आत निळे पडदे होते. पडद्यांवर भुलून आमचा सौदा झाला, हे नमूद करतो.

पहिला मोठा प्रवास ठरविला तो पानिपतचा. आपल्यापैकी बरेच जण दर १४ जानेवारीस काला आंबच्या स्मारकापाशी जातात. दिल्लीपासून नव्वद किलोमीटर, सरळ हमरस्ता. नवशिक्यास याहून सोपा प्रवास कोणता? २०२३ च्या त्या दिवशी धुके विरळ होईपर्यंत थांबून आम्ही दहाच्या सुमारास गाझियाबादहून निघालो. परिघीय द्रुतगती मार्गाने कुंडलीपर्यंत आणि तेथून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने उत्तरेस. मोटारीत आम्ही दोघे, चिरंजीव आणि सात वर्षांचा नातू. मागच्या घरात काय काय होते ते ऐका. मंडळींना बसण्यासाठी घडीच्या वीस लोखंडी खुर्च्या, तिळगुळाचे दोन डबे, चहाची मोठी किटली, जादा बॅटरी. शिवाय पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली. टाकी गाडीच्या मागील टोकास होती. खुर्च्याही मागच्या दाराने चढविल्या म्हणून मागेच राहिल्या. सारे ओझे चाकांच्या मागे. दांडीकडे पाहून मला उलट आनंदच झाला होता, कारण ती एका हाताने उचलली जात होती. गाडी हलकी आहे, असे मी अभिमानाने चिरंजीवांना म्हणालो.

मुरथलचे ढाबे मागे पडले आणि एका उड्डाणपुलाच्या उतारावर एक बस आम्हाला भरधाव ओलांडून गेली. तिच्या वाऱ्याने मागचे घर किंचित डावीकडे सरकले, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. आरशात कधी घराची डावी भिंत दिसे, कधी उजवी. मोटारीची शेपटी कोणीतरी धरून हलवावी तसे झाले. अशा वेळी जे करू नये ते सारे मी केले. चाक उलट दिशेने फिरविले, आणि जोराने ब्रेक दाबला. ब्रेक दाबताच मोटार थबकते. मागचे घर मात्र पुढे येऊ पाहते आणि मोटारीला ढकलते. आम्ही दोन मार्गिका तिरके ओलांडून कडेच्या मातीत थांबलो. मागून त्या क्षणी ट्रक आला नाही, यात माझे कर्तृत्व काहीही नव्हते. नातू म्हणाला, “आजोबा, पुन्हा करा ना.” सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांचे ते मौन मी दुसऱ्यांदाच अनुभवले.

उरलेले अंतर आम्ही चाळीसच्या वेगाने काटले. काला आंबच्या आवारात मंडळी आधीच जमली होती. मी नमस्कार केला, पण चित्त थाऱ्यावर नव्हते. १७६० साली उत्तरेत उतरलेल्या त्या फौजेबरोबर हजारो यात्रेकरू, बायकामुले आणि बाजारबुणगे होते. लढणाऱ्यांच्या मागे न लढणाऱ्यांचे केवढे ओझे होते, हे आपण शाळेपासून वाचतो. त्या दिवशी प्रथमच ते वाचलेले माझ्या पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचले. तुलना अप्रस्तुत आहे, हे मला मान्य आहे. पण खुर्च्या उतरवताना ती मनात आली.

परतताना चिरंजीवांच्या आग्रहाने दिल्लीच्या वेशीवर संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात वळलो. तेथे ट्रकांची कामे करणारे एक वयोवृद्ध सरदारजी भेटले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दांडी एका हाताने उचलून पाहिली आणि म्हणाले, “बाऊजी, गाडी उलार है.”

मी जागच्या जागी उभा राहिलो. हा शब्द मी साठ वर्षांपूर्वी ऐकला होता. फक्त शेवटचे अक्षर वेगळे होते. आमच्या वाई तालुक्यातील गावी आजोबा कडब्याची गाडी भरवून घेत, तेव्हा गडी मागे जास्त पेंढ्या रचू लागला की ओट्यावरून ओरडत, “अरे, उलाळ होईल!” उलाळ गाडी म्हणजे मागे जड झालेली गाडी. तिचे जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, जोती गळ्याला आवळतात, आणि चढावर तर बैल अधांतरी होण्याची वेळ येते. म्हणून कसबी गाडीवान जुवावर थोडा भार राहील असेच ओझे भरतो. फार नाही, की खांदे सोलतील. अगदी कमीही नाही. पंजाबातील गाडीवानाला जे ठाऊक होते, साताऱ्याकडील गाडीवानाला जे ठाऊक होते, ते त्यांच्यापैकी एकाच्या नातवाला अभियांत्रिकीची पदविका घेऊनही ठाऊक नव्हते.

आता हे जरा तपशिलाने सांगतो, कारण आजच्या भाषणातले एवढेच आपण घरी नेले तरी पुष्कळ झाले. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी काही भाग दांडीवाटे मोटारीच्या गोळ्यावर पडला पाहिजे. अमेरिकेत तो एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के धरतात. युरोपातील हलक्या घरांसाठी पाच ते सात टक्के पुरे मानतात. तो याहून कमी झाला, की प्रत्येक ट्रेलरचा जो एक धोक्याचा वेग असतो, ज्याच्या पुढे गेल्यावर सुरू झालेला झोका आपोआप शमत नाही, तो वेग खाली येतो. मग जो झोका नव्वदलाही विरून गेला असता, तो सत्तरलाच गाडी उलटवू शकतो. काठीच्या टोकाला दगड बांधून ती मधोमध धरून हलवा; दगड जितका टोकाला, तितके ते हलणे आवरणे कठीण. म्हणून जड वस्तू चाकांच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे, आणि जमिनीलगत ठेवाव्यात. मागच्या टोकाला उशा आणि पांघरुणे.

सरदारजींनी गाडी धर्मकाट्यावर नेली. मोटारीपासून सोडवून तोलली तेव्हा खुर्च्या, पाणी, डबे यांसह ती ७९० किलो भरली. मग दांडीखाली लाकडी ठोकळा व त्याखाली साधा वजनकाटा ठेवून दांडीवरचा भार पाहिला : ३१ किलो. चार टक्केही नव्हे. मी एका हाताने उचलून ज्याचा अभिमान बाळगला होता, ते हे हलकेपण. खुर्च्या मोटारीत घेतल्या, टाकी रिकामी केली, बॅटरी आसापुढे सरकविली. भार ७२ वर आला. परत येताना तशीच एक बस गेली. गाडी जागची हलली नाही.

हे मोजमाप घरी करता येते. आपण सकाळी ज्यावर उभे राहून खिन्न होतो, तोच वजनकाटा चालतो. गाडी सपाट जमिनीवर ठेवावी, चाकांना उटी लावाव्यात, आणि प्रवासात दांडी ज्या उंचीवर असते त्याच उंचीचा लाकडाचा तुकडा काट्यावर उभा धरून त्यावर दांडीचा जोड टेकवावा. पुढचे आधाराचे चाक वर घ्यावे, नाही तर काटा खोटे बोलतो. आपल्या मोटारीला व तिच्या गोळ्याला किती भार सोसतो, ते मात्र मोटारीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. मागचा दोष घालविण्याच्या भरात पुढे लादू नये. आणि तरीही कधी झोका सुरू झालाच, तर चाक सरळ धरावे, ब्रेकवर पाय ठेवू नये, वेग वाढवून झोका मोडण्याचा पराक्रम तर मुळीच करू नये. केवळ अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढावा आणि गाडीला आपोआप मंद होऊ द्यावे. ऐकायला सोपे आहे. त्या क्षणी पाय ऐकत नाही. म्हणून मी हे रिकाम्या रस्त्यावर मोठ्याने म्हणत म्हणत सराव केला आहे.

चाकांविषयी. बैलगाडीला वंगण घालण्याचे नळकांडे साट्याखाली लटकलेले असे, कारण आसाने कुरकुर केली की ती लगेच कानी पडे. मोटारीत काचा बंद करून गाणी लावून बसणाऱ्याला मागच्या आसाची कुरकुर ऐकू येत नाही. म्हणून प्रत्येक थांब्यावर उतरून दोन्ही चाकांच्या मध्यभागी हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे तापली असेल, तर बेअरिंगमधले ग्रीस संपले आहे किंवा ते फार आवळले गेले आहे. वर्षातून एकदा बेअरिंग उघडून, रॉकेलने धुऊन, नवे ग्रीस भरून घ्यावे. चाक काढून बसविल्यावर पहिल्या पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत. ते हटकून थोडे सैलावतात.

टायरबाबत मी पुरता फसलो होतो. नक्षी कोरी करकरीत होती. टायरच्या भिंतीवरील खुणांच्या शेवटी चार आकडी संख्या असते, ती वाचण्याचे मला सुचले नव्हते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरांवर १४१६ होते : २०१६ सालचा चौदावा आठवडा. म्हणजे सौदा झाला तेव्हाच ते सहा वर्षांचे होते. मोटारीचा टायर धावून झिजतो. ट्रेलरचा टायर उभा राहून म्हातारा होतो. दिल्लीच्या मे-जूनच्या उन्हात एका जागी उभ्या असलेल्या टायरच्या भिंतीला केसासारख्या भेगा पडतात, आणि तसा टायर यमुना द्रुतगती मार्गाच्या तापलेल्या काँक्रीटवर नेणे म्हणजे दैवाची परीक्षा घेणे होय. मी दोन्ही बदलले. आता उन्हाळ्यात टायरांवर गोणपाट टाकतो आणि महिन्यातून एकदा गाडी हातभर सरकवतो. आमच्या वसाहतीच्या समितीने यावर ‘गाडी वारंवार जागा बदलते’ अशी लेखी हरकत घेतली. ती एका जागी उभी राहते, अशी हरकत त्यांनी आधीच्या महिन्यात घेतली होती.

दिव्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. डावा दर्शक दिवा लावला की मागचे सारेच दिवे मंद मंद लुकलुकत. मी तीन दिवस भगीरथ पॅलेसच्या फेऱ्या घालून दिवे, खोबणी, तारा बदलत राहिलो. दोष होता तो भूसंपर्काच्या एका गंजलेल्या स्क्रूमध्ये. विजेला परतीची वाट मिळाली नाही की ती दुसऱ्या दिव्यांच्या वाटेने परतू पाहते, आणि मग एका बटणाला चार दिवे उत्तर देतात. तेव्हा दिवे वेड्यासारखे वागू लागले, की प्रथम तो स्क्रू काढून कानशीने घासावा. बॅटरीसाठी एक साधा मीटर घ्यावा. काही तास स्वस्थ राहिलेली शिशाची बॅटरी १२.६ व्होल्टच्या वर असेल तर भरलेली, १२.२ च्या आसपास अर्धी. त्याखाली तिला वारंवार नेल्यास ती लवकर निवर्तते.

आता पाणी. ९ जुलै २०२३ ची सकाळ आपणा सर्वांना आठवत असेल. सफदरजंगला चोवीस तासांत १५३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच आठवड्यात यमुना २०८.६६ मीटरपर्यंत चढली. त्या पावसात आमच्या गाडीत उजवीकडच्या बिछान्याच्या वर तांबूस डाग उमटला. मी शिडी लावून उजवीकडचे छप्पर इंच इंच तपासले, काही नव्हते. छिद्र होते डावीकडे, झरोक्याच्या चौकटीपाशी. पाणी छताच्या दोन थरांमधून आडवे प्रवास करते आणि जेथे वाट मिळेल तेथे प्रकट होते. डाग हा चोर नव्हे. तो चोराने टाकलेला माल आहे. आधीच्या मालकांनी तेथे सिलिकॉन फासले होते. सिलिकॉनची अडचण ही, की त्याच्यावर पुन्हा काहीच चिकटत नाही. ते सारे खरवडून काढावे लागले, आणि मग ब्युटिलची चिकट पट्टी घालून चौकट पुन्हा बसविली. तोवर आतील प्लायवूड अंगठा दाबला की आत जाऊ लागले होते. जुनी गाडी घेणाऱ्याने पडदे पाहू नयेत. भिंतींचे कोपरे, खिडक्यांच्या खालची बाजू आणि छताचे काठ अंगठ्याने दाबून पाहावेत. हा अंगठा मला वेळीच सुचला असता, तर चाळीस हजार रुपये वाचले असते.

पाण्याचा पंप रात्री कोणी नळ उघडलेला नसताना मधूनच घुरघुरला, तर घरात भूत नाही; कोठेतरी गळती आहे, एवढेच समजावे.

शेवटी गॅस, आणि येथे मी आवाज थोडा खाली आणतो. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, जमिनीवर साचतो. म्हणूनच अशा घरांच्या तळाशी झरोके ठेवलेले असतात. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही सोलनजवळ मुक्कामास होतो. रात्र विलक्षण गार होती, तळातून बोचरा वारा येत होता. मी, शहाणपणाने, दोन टॉवेल त्या झरोक्यांत कोंबले, खिडक्या लावल्या, आणि ऊब यावी म्हणून शेगडी पेटती ठेवली. दहा मिनिटांपुरती, असे म्हणून. डुलकी लागली. सौभाग्यवतींना डोके दुखून जाग आली. त्यांनी मला हाक मारली तर मी काहीतरी असंबद्ध बोललो, असे त्या सांगतात. त्यांनी दार उघडले, शेगडी विझविली आणि मला ओढत पायरीवर आणून बसविले. दर हिवाळ्यात बंद खोलीतील अंगीठीने माणसे गेल्याच्या बातम्या आपण याच शहरात वाचतो. मीही वाचत होतो, आणि ती माणसे अडाणी असावीत असे मानत होतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि त्याच्या अमलाखाली माणसाला आपण ठीक आहोत असेच वाटत राहते. तेव्हापासून आमच्या घरात उबेसाठी ज्योत पेटत नाही. पांघरुणे वाढविली आहेत. बिछान्याजवळ या वायूची सूचना देणारे यंत्र लावले आहे. झरोक्यांवर लाल रंगाने ‘बंद करू नये’ असे लिहिले आहे. अक्षर माझे नाही.

गॅसची नळी आय्‌एस्‌आय्‌ छापाची असावी, तिच्यावरील तारीख पाहून मुदतीत बदलावी, आणि प्रत्येक प्रवासानंतर जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी घरचे पक्के जोडही सैल होतात. काडी ओढून गळती शोधणारे एक सद्गृहस्थ मला भेटले होते. त्यांच्या भुवया अजून पुरत्या आलेल्या नाहीत.

मी एक वही ठेवली आहे. तीत प्रत्येक प्रवासाच्या आधी दांडीवरचा भार, टायरमधील हवा, बॅटरीचे व्होल्ट आणि गॅसच्या जोडांची तपासणी लिहिली जाते. पहिली चार पाने माझ्या अक्षरात आहेत. सोलनच्या मुक्कामानंतरची सर्व सौभाग्यवतींच्या. वजनकाट्यावरचा आकडा स्वतः वाचल्याखेरीज त्या आता मोटारीत बसत नाहीत. या वर्षी पानिपतास निघताना तो ७६ होता, आणि खुर्च्या या वेळी मंडळाच्या टेम्पोतून गेल्या.

ज्यांना गाडी घ्यावयाची आहे त्यांच्यासाठी ती आज खाली अंगणात उभी केली आहे. काटा व ठोकळा बरोबर आणला आहे. चहापूर्वी दांडी कोणी एका हाताने उचलून पाहावी. आज ती उचलली जाणार नाही.